गेलेली ट्यूब कोणाची? पारायुक्त दिवे, उपकरणे आणि कचऱ्याचे कायदे

चार फुटी ट्यूबलाईट गेली की नवी बसवायला आलेला इलेक्ट्रिशियन जुनी दाराच्या मागे उभी करून जातो. तिथे ती आठ-पंधरा दिवस तशीच राहते. घंटागाडीवर द्यायला गेले तर गाडीवरची बाई म्हणते, काच आहे, हात कापतो, नका टाकू. भंगारवाला रद्दी घेतो, पत्रा घेतो, ट्यूब घेत नाही. घेतलीच तर फुकटात. अखेर कोणीतरी रात्री ती सोसायटीच्या कचराकुंडीला टेकवून येतो आणि सकाळपर्यंत ती फुटलेली असते. या ट्यूबमध्ये साधारण चार-पाच मिलिग्रॅम पारा असतो, जुन्या जाड ट्यूबमध्ये त्याच्या कित्येक पट. दाराच्या मागे असताना कायद्याच्या लेखी ही वस्तू काय असते, कुंडीजवळ काय होते आणि फुटल्यावर काय होते, हा प्रश्न फक्त वकिलांचा नाही. वस्तू कोणत्या वर्गात बसवली आहे यावरच ती परत घेण्याचे काम कोणाचे, खर्च कोणाचा आणि शेवटी ती कोणाच्या हाताला लागणार, हे ठरते.

आधी आत काय घडते ते पाहू. ट्यूबमधून वीज गेली की पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते. ते काचेच्या आतल्या पांढऱ्या पावडरवर पडतात आणि आपल्याला दिसणारा उजेड तयार होतो. पावडर काढून टाकली आणि काचही अतिनील किरण आरपार जाऊ देणारी घेतली, की तोच दिवा जंतू मारायच्या कामी येतो. घरच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातली यूव्ही ट्यूब ती हीच. दिवा जुना होत जातो तसा पारा पावडरीत आणि काचेत मुरत जातो. म्हणून दिवा फुटला की थोडा पारा लगेच वाफ होऊन उडतो आणि बाकीचा पुढे कित्येक दिवस सुटत राहतो. कमी पाऱ्याच्या ट्यूब फोडून न्यू जर्सीत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांत १७ ते ४० टक्के पारा हवेत गेल्याचे त्यात दिसले आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश पहिल्या आठ तासांतच गेला होता. ट्यूबचा पारा मुख्यतः हवेच्या वाटेने माणसापर्यंत पोहोचतो ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल, कारण कायद्याने बराच काळ लक्ष ठेवले ते पाण्याच्या वाटेवर.

भारतात या वस्तूचा वर्ग कोणता, याचे एकच उत्तर नाही. २०१६ च्या मार्च-एप्रिलमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तीन आठवड्यांत कचऱ्याचे सहा नियम काढले: १८ मार्चला प्लास्टिक, २३ मार्चला ई-कचरा, २८ ला जैववैद्यकीय कचरा, २९ ला बांधकामाचा राडारोडा, ४ एप्रिलला घातक कचरा आणि ८ एप्रिलला घनकचरा. यातल्या ई-कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत फ्लुरोसंट आणि इतर पारायुक्त दिवे प्रथमच आले. आधीचे २०११ चे नियम संगणक, फोन, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी यांच्यावरच थांबले होते. दिवा ई-कचरा ठरला म्हणजे तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. मोठे पाऊल होते ते. पण त्यानंतर सोळा दिवसांनी आलेल्या घनकचरा नियमांत 'घरगुती घातक कचरा' अशी एक व्याख्या होती आणि तिच्यात रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, जुनी औषधे, बॅटऱ्या, सुया यांच्या रांगेत सीएफएल, ट्यूबलाईट आणि फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटरही होता. या दुसऱ्या नियमानुसार ती ट्यूब गोळा करायची महापालिकेने. दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र उघडायचे आणि त्याच्या वेळा जाहीर करायच्या. मुंबई महापालिकेचे क्षेत्र साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास धरले तर शहरात बावीस-तेवीस केंद्रे हवी होती. आपल्या भागातले असे केंद्र कुठे आहे आणि ते किती वाजता उघडते, हे माहीत असलेला नागरिक शोधावाच लागेल.

एकच ट्यूब दोन नियमांत, दोन वेगवेगळ्या धन्यांच्या नावावर. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. कुठून तरी पकडली जावी म्हणून दोन्हीकडून जाळे टाकले असे म्हणता येईल. प्रत्यक्षात मात्र दोघांनाही दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय झाली. उत्पादक म्हणतो, घरातला कचरा महापालिका उचलते. महापालिका म्हणते, हा ई-कचरा, उत्पादकाने नेला पाहिजे. कार्यालयातून निघालेल्या पन्नास ट्यूबना निदान एक वाट आहे: मोठा ग्राहक म्हणून कार्यालयाने त्या नोंदणीकृत रिसायकलरकडे द्यायच्या. घरातल्या एका ट्यूबची वाट मात्र घंटागाडीपाशी संपते.

पारा ज्यात सर्वात जास्त आहे त्या वस्तूंचे काय? काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो, म्हणजे शंभराहून अधिक सीएफएलइतका. डॉक्टरांच्या टेबलावरच्या उभ्या पट्टीच्या रक्तदाबमापकात ऐंशी ते शंभर ग्रॅम. या दोन्ही वस्तूंना वीज लागत नाही. म्हणून त्या ई-कचऱ्यात बसत नाहीत, आणि बसत नाहीत म्हणून त्यांच्या उत्पादकावर परत घेण्याची जबाबदारी नाही. घरात थर्मामीटर फुटला तर तो २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा होता. दवाखान्यात फुटला तर जैववैद्यकीय नियम त्यातून हात काढून घेतात, कारण घातक कचरा आणि ई-कचरा त्या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. मग पारा घातक कचऱ्याच्या नियमांखाली जातो आणि दवाखान्याने तो नव्वद दिवसांत प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचा असतो. पाच मिलिग्रॅमच्या दिव्याला धनी आहे आणि ऐंशी ग्रॅमच्या यंत्राला नाही, कारण वर्ग पाडताना आपण पारा पाहिला नाही, प्लग पाहिला. या सगळ्या आढाव्यात मला सर्वात खटकणारी गोष्ट ही आहे.

ही गुंतागुंत भारतापुरती नाही. अमेरिकेने या प्रश्नाशी तीस-पस्तीस वर्षे झटापट केली आहे आणि तिच्या चुकाही आपल्या कामाच्या आहेत. तिथे कचरा घातक आहे की नाही हे ठरवण्याचा एक मार्ग म्हणजे प्रयोगशाळेतली चाचणी, टीसीएलपी. वस्तू फोडून बारीक करायची, तिच्या वजनाच्या वीस पट आम्लयुक्त पाण्यात घालून अठरा तास घुसळायची आणि गाळलेल्या पाण्यात काय उतरले ते मोजायचे. कचरा डेपोत पाऊस मुरल्यावर जे घडते त्याची ही नक्कल. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम किंवा अधिक पारा निघाला तर वस्तू घातक. आता दोनशे ग्रॅमच्या ट्यूबमध्ये चार मिलिग्रॅम पारा आहे असे धरा. तो सगळा विरघळला तर लिटरला एक मिलिग्रॅम होतो, मर्यादेच्या पाचपट. पण सगळा विरघळत नाही. किती विरघळेल हे आतल्या धातूंवर, पावडरवर, सिमेंटवर अवलंबून असते. म्हणून एकाच मापाच्या दोन ट्यूबपैकी एक घातक ठरते आणि दुसरी साधा कचरा.

उत्पादकांनी हे लगेच ओळखले. काहींनी पाऱ्याची मात्राच खाली आणली. १९९५ मध्ये फिलिप्सने आणलेल्या हिरव्या टोपणांच्या कमी पाऱ्याच्या ट्यूब हे त्याचे ठळक उदाहरण, आणि हे काम खरोखर चांगले होते. पण पाण्यात उतरणारा पारा कमी दिसावा म्हणून दिव्यात इतर रसायने घालायची दुसरी वाटही निघाली. पारा तेवढाच, चाचणीचा निकाल वेगळा. अशी ट्यूब कचऱ्याच्या ट्रकमध्ये फुटली तर पाठीमागे उभ्या कामगाराच्या नाकात जाणारी वाफ कमी होत नाही. पाणी मोजणाऱ्या चाचणीने हवेतला धोका ठरवायचा म्हटले की असे होणारच.

दुसरी अडचण कागदांची होती. चाचणीत नापास झालेली ट्यूब पूर्ण अर्थाने घातक कचरा. म्हणजे दिवे बदलणारी शाळा किंवा गिरणी एका दिवसात घातक कचरा निर्माण करणारा उद्योग बनायची; परवाने, वाहतुकीचे मॅनिफेस्ट, साठवणुकीची मुदत, सगळे मागे लागायचे. परिणाम उलटा झाला. लोक ट्यूब लपवून साध्या कचऱ्यात टाकू लागले. यावर तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९५ मध्ये 'युनिव्हर्सल वेस्ट' हा मधला वर्ग काढला. सुरुवातीला त्यात बॅटऱ्या, कीटकनाशके आणि भिंतीवरचे पाऱ्याचे थर्मोस्टॅट होते. १९९९ च्या अधिसूचनेने दिवे आले, २००५ मध्ये पारा असलेली सगळी उपकरणे आली. वस्तू घातकच राहते, पण तिला सांभाळणाऱ्याचे ओझे हलके होते: मॅनिफेस्ट नको, वर्षभर साठवायची मुभा, मात्र खोके बंद आणि भक्कम हवे, त्यावर तसे लिहिलेले हवे आणि ट्यूब फुटू द्यायची नाही. शेवटच्या प्रक्रिया केंद्रावर मात्र पूर्वीइतकाच कडक नियम. मधल्या हातांना मोकळे करायचे आणि शेवटच्या हाताला घट्ट धरायचे, ही रचना मला अजूनही या विषयातली सर्वात शहाणी वाटते. २००५ च्या बदलाने तर थर्मामीटर, रक्तदाबमापक, स्विच अशा विजेच्या आणि बिनविजेच्या वस्तू एकाच छताखाली आल्या.

तिथेही भोक राहिले ते घराचे. घरातून निघणारा कचरा संघराज्याच्या घातक कचरा कायद्यातून वगळलेला आहे. तीच ट्यूब स्वयंपाकघरातून निघाली तर साध्या डब्यात टाकणे बहुतेक ठिकाणी गुन्हा नाही. हे भोक बुजवायला राज्ये पुढे आली. कॅलिफोर्नियाने २००६ पासून घरांनाही मनाई केली. व्हरमाँट राज्याने त्याआधीच पारा असलेल्या दिव्यांवर तसे छापायला आणि ते कसे टाकावे हे सांगायला उत्पादकांना भाग पाडले. विद्युत उत्पादकांची संघटना न्यायालयात गेली. आमच्या मनाविरुद्ध आमच्याकडून बोलवून घेणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे असा त्यांचा दावा होता. २००१ मध्ये अपील न्यायालयाने राज्याची बाजू मान्य केली. दिव्याच्या बुडाशी वर्तुळात पाऱ्याचे रासायनिक चिन्ह असते, ते पाहिले असेल अनेकांनी. ते चिन्ह सुखासुखी तिथे आलेले नाही.

युरोपने चाचणीचा घोळच ठेवला नाही. तिथल्या कचऱ्याच्या यादीत फ्लुरोसंट ट्यूब आणि पारा असलेला इतर कचरा अशी एक नोंद आहे आणि तिच्यापुढे तारा आहे. तारा म्हणजे घातक. मोजून दाखवायची गरज नाही. ई-कचऱ्याच्या २०१२ च्या निर्देशानुसार दिवे हा २०१८ पासून स्वतंत्र गट आहे आणि त्यांच्यातला पारा वेगळा काढणे सक्तीचे आहे. ज्या दुकानात विजेच्या वस्तूंच्या विक्रीची जागा ४०० चौरस मीटरहून मोठी आहे, त्याने पंचवीस सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू, काहीही विकत न घेता नुसती आणून दिली तरी, फुकट घ्यायची असते. सीएफएल त्यात सहज बसतो. २०२३ मध्ये पाऱ्याच्या मर्यादेच्या सवलती संपवून युरोपने सामान्य वापराच्या फ्लुरोसंट ट्यूबची बाजारपेठच बंद केली.

जपानची गोष्ट वेगळ्या वजनाची आहे. मिनामाटाच्या खाडीत पाऱ्याने माणसे अपंग झाली, मेली. १९५६ च्या मे महिन्यात त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये कुमामोटो येथे स्वीकारला गेला, १६ ऑगस्ट २०१७ ला अमलात आला आणि भारताने त्याला जून २०१८ मध्ये मान्यता दिली. कचऱ्याबाबत त्याचे अकरावे कलम महत्त्वाचे. पाऱ्याचा कचरा तीन प्रकारचा: निव्वळ पारा किंवा त्याची संयुगे, पारा घातलेल्या वस्तू, आणि पाऱ्याने माखलेली माती-गाळ असा कचरा. तिसऱ्या प्रकारासाठी किती पारा म्हणजे कचरा यावर अनेक वर्षे वाद चालला आणि २०२३ च्या जिनिव्हा बैठकीत किलोमागे १५ मिलिग्रॅम ही रेषा ठरली. दिवे, थर्मामीटर अशा वस्तूंना मात्र अशी रेषा लावलेली नाही. वस्तू पारायुक्त आहे आणि टाकून दिली आहे, एवढे पुरे. घरातली की कारखान्यातली, विजेची की बिनविजेची, हा भेद या कलमाला ठाऊक नाही. आपल्या नियमांनी पाहायला हवे ते इकडे. याच बैठकीत सरळ फ्लुरोसंट ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवण्याची वर्षेही ठरली, जुन्या पावडरच्या ट्यूबना २०२६ आणि नव्या प्रकारच्या पावडरच्या ट्यूबना २०२७. गोल टोपणाचे, आत चोक असलेले घरगुती सीएफएल २०२५ पर्यंत थांबवायचे, हे त्याआधीच्या बैठकीत ठरले होते.

वर्ग कागदावर बरोबर असूनही काय होऊ शकते, हे कोडाईकनालने दाखवले आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाऊन इथला थर्मामीटरचा कारखाना ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उचलून तमिळनाडूतल्या या थंड हवेच्या गावी आणला गेला आणि पुढे तो हिंदुस्तान लिव्हरकडे आला. पारा बाहेरून यायचा, थर्मामीटर बाहेर जायचे, फुटलेली काच मात्र इथेच राहायची. भारतात १९८९ पासून घातक कचऱ्याचे नियम होते. पाऱ्याने माखलेली काच त्यांच्या कक्षेत यायची, याबद्दल फारशी शंका घेता येत नाही. तरीही मार्च २००१ मध्ये गावातल्या मुंजिक्कल भागातल्या एका भंगारच्या अड्ड्यावर ७.४ टन पाऱ्याची काच सापडली, भर वस्तीत, उघड्यावर, गोण्यांत. रहिवासी आणि पर्यावरण कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, कारखाना बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला पाठवला गेला. ५९१ माजी कामगारांशी आणि त्यांच्या कुटुंबीयांशी कंपनीची तडजोड झाली ती २०१६ मध्ये, आणि आवारातली माती कोणत्या मर्यादेपर्यंत साफ करायची हा वाद त्यानंतरही चालूच राहिला. कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना ती काच घातक कचरा होती. भंगाराच्या काट्यावर चढताच तिची नुसती काच झाली. तिथे तिला किलोवर भाव होता, पाऱ्याला नव्हता. वर्ग बदलला तो नियमाने नाही, काट्याने.

दिव्यांचेही आपल्याकडे हेच होते. ट्यूबच्या दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमची टोपणे असतात, त्यांना भंगारात भाव आहे. चोकमध्ये तांबे असते, त्याला अधिक भाव. टोपणे काढायची तर ट्यूब टोकाशी तोडावी लागते. जमिनीवर पोते अंथरून, उकिडवे बसून, हातोडीच्या एका ठोक्यात टोपण सुटते. पांढरी पावडर धुरासारखी बाहेर येते आणि हातावर, पोत्यावर, शेजारच्या पाण्याच्या बाटलीवर बसते. काच एका ढिगात, टोपणे दुसऱ्या. पारा कुठल्याच ढिगात मोजला जात नाही, कारण तो दिसत नाही. हे काम करणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते की ती पावडरच या वस्तूतला सर्वात विषारी भाग आहे.

भारतातले सीएफएल नेमके कधी आले आणि कधी गेले, हेही पाहण्यासारखे आहे. २००९ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने बचत लॅम्प योजना सुरू केली. साधा पिवळा बल्ब द्या आणि पंधरा रुपयांत सीएफएल न्या. विजेची बचत झाली, ती खरीच होती. जानेवारी २०१५ पासून उजाला योजनेतून एलईडी वाटले गेले, छत्तीस कोटींहून अधिक. सीएफएलचे आयुष्य चार-पाच वर्षांचे धरले, तर घराघरांत सरकारी प्रोत्साहनाने लागलेले हे दिवे फेकले गेले ते ई-कचरा नियमांत दिवे येण्याच्या आधी किंवा नियम नुकते आले असताना. वाटताना जी यंत्रणा दारोदार पोहोचली, तिला परत घेण्याचे काम कोणी सांगितले नाही. ते दिवे आता डेपोंच्या पोटात आहेत, त्यांचे काही होणार नाही. पण शाळा, सरकारी कचेऱ्या, इस्पितळे, छोटे कारखाने इथे अजून ट्यूब लटकत आहेत, पाणी शुद्धीकरण यंत्रांत यूव्ही नळ्या आहेत, जुन्या एलसीडी टीव्हीच्या पडद्यामागे बारीक फ्लुरोसंट नळ्या आहेत. २०२७ नंतर नव्या मिळेनाशा झाल्या की हा सगळा साठा काही वर्षांत बाहेर पडेल.

त्या वेळी लागू असणारे ई-कचरा नियम २०२२ चे आहेत, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेले. त्यांनी यादी २१ वस्तूंवरून १०६ वर नेली, उत्पादकांसाठी वजनावर आधारलेली उद्दिष्टे ठेवली, आधी ६० टक्के, मग ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. उद्दिष्ट पुरे करण्यासाठी उत्पादकाने नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रे विकत घ्यायची. ही प्रमाणपत्रे कशावर मिळतात? सोने, तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम या चार धातूंवर. संगणकासाठी हे समजण्यासारखे आहे, धातू परत मिळवायला तिथे मोल आहे. पण दिव्यात सोने नाही, तांबे नगण्य, ॲल्युमिनियम टोपणांपुरते. दिवा गोळा करण्याचे एकमेव खरे कारण पारा, आणि पारा पकडल्याबद्दल एकही प्रमाणपत्र नाही. रिसायकलरच्या बाजूने विचार करा. ट्यूब नाजूक, जागा खाणारी, वाहतुकीत फुटणारी. तिच्यासाठी बंद कक्ष, कार्बनचे फिल्टर, ऊर्ध्वपातनाची भट्टी लागते. एवढे करून हाती येते काच, जी कोणी फारशी घेत नाही, थोडे ॲल्युमिनियम आणि काही मिलिग्रॅम पारा. जो प्रामाणिकपणे पारा पकडतो त्याचा खर्च वाढतो. जो टोपणे उपटून पावडर उडवून देतो त्याचेही ॲल्युमिनियम तेवढेच भरते. नियम नकळत भंगारच्या काट्याचेच गणित करतो आहे.

पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत कचरावेचकांसाठी उभी आहे आणि तिच्यातून आलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. ट्यूबला सर्वात आधी हात लागतो तो तिच्यातल्या कचरावेचक बायकांचा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले, ई-कचरा नियमांनी मोडतोड करणाऱ्या कामगारांची नोंद आणि प्रशिक्षण राज्याच्या कामगार विभागाकडे दिले. पण ज्या हातगाडीवर ओला आणि सुका असे दोनच डबे आहेत तिथे तिसऱ्या वर्गाची वस्तू कुठे ठेवायची, याचे उत्तर नियमाने द्यायला हवे होते. २०२६ च्या नव्या घनकचरा नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि 'विशेष काळजीचा' असे चार भाग केले आहेत आणि दिवे, पाऱ्याचे थर्मामीटर या चौथ्या भागात टाकले आहेत. घरांना सांगायला ही भाषा सोपी आहे. चौथा डबा गाडीवर असेल का, तो कोणाच्या पैशाने असेल आणि त्यातली ट्यूब ई-कचऱ्याच्या साखळीत कशी शिरेल, यावरच आता सगळे अवलंबून आहे.

माझे म्हणणे असे. दिव्यासाठी वेगळा वर्ग शोधण्यात आणखी वर्षे घालवू नयेत. पारायुक्त टाकाऊ वस्तू हा एकच वर्ग करावा, मिनामाटा कराराच्या धर्तीवर, आणि त्यात थर्मामीटर आणि रक्तदाबमापकही असावेत. घर, दुकान, दवाखाना असा भेद त्यात नसावा. गोळा करणाऱ्यांवर, मग ती महापालिका असो, कचरावेचकांची सहकारी संस्था असो की कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिकचा दुकानदार, कागदांचे ओझे अमेरिकेच्या मधल्या वर्गासारखे हलके असावे आणि कडक नियम प्रक्रिया केंद्रावर असावा. प्रमाणपत्र धातूच्या किलोवर न देता अखंड पोहोचलेल्या नगावर आणि पकडलेल्या पाऱ्यावर द्यावे. ट्यूबचे उत्पादन थांबल्यावर पैसे कोण देणार, हा प्रश्न युरोपने असा सोडवला आहे की आज बाजारात जे दिवे विकतात त्यांनी आपल्या हिश्श्याप्रमाणे जुन्यांचा भार उचलायचा. म्हणजे एलईडी विकणारा कालच्या ट्यूबचा खर्च देतो. यात अन्याय काही नाही. बहुतेक ठिकाणी कंपनीही तीच असते.

पकडलेल्या पाऱ्याचे पुढे काय, याकडे आपल्याकडे कोणी फारसे पाहिलेलेच नाही. जगात पाऱ्याची वैध बाजारपेठ आटत चालली आहे. युरोपने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१३ पासून पाऱ्याची निर्यात बंद केली, कारण जुन्या वस्तूंतून निघालेला पारा गरीब देशांतल्या सोन्याच्या खाणींत पोहोचत होता. युरोपात आता कचरा ठरलेला पारा गंधकाशी जोडून घट्ट करूनच कायमचा पुरावा लागतो, जमिनीखालच्या मिठाच्या खाणी त्यासाठी वापरल्या जातात. जपानमध्ये होक्काइदोतल्या इतोमुका इथे, जिथे एके काळी पाऱ्याची खाण होती, तिथेच आज देशभरातल्या ट्यूब आणि बॅटऱ्यांतून पारा वेगळा काढला जातो. आपल्या २०१६ च्या नियमांत एक वाक्य होते: रिसायकलर उपलब्ध नसेल तर दिवे घातक कचऱ्याच्या प्रक्रिया केंद्रात न्यावेत, पण पुरण्याआधी पारा स्थिर करावा आणि कचऱ्याचे आकारमान कमी करावे. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशी केंद्रे आहेत. वर्षभरात किती दिवे तिथे अखंड पोहोचले आणि त्यातला किती पारा स्थिर झाला, एवढे दोन आकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दरवर्षी जाहीर करावेत. आणि नवी ट्यूब ज्या पुठ्ठ्याच्या खोळीतून येते तीत जुनी घालून दुकानात परत दिली तर बिलात दहा रुपये कमी व्हावेत. ट्यूब अजून विकल्या जात आहेत तोवरच हे करता येईल.